सर अलेक्झांडर फ्लेमिंग : एक शोध आणि एक इशारा

पुणे-मुंबई रस्त्यावरचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना ठाऊक नाही असा माणूस पिंपरी-चिंचवडमध्ये सापडणे कठीण. आम्हां लोकांच्या तोंडी तो नुसता एच. ए. कंपनी. तिच्या कामगारांची वसाहत ती एच. ए. कॉलनी, त्यांच्या मुलांची शाळा ती एच. ए. स्कूल आणि खेळायचे मैदान, तेही एच. ए.चेच. मोटारींच्या कारखान्यांमुळे हा परिसर देशभर ओळखला जाऊ लागला त्याच्या कितीतरी आधी, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. आणि योगायोग असा, की ज्यांनी पेनिसिलीन प्रथम जगाला दाखवले ते सर अलेक्झांडर फ्लेमिंग त्याच वर्षी, ११ मार्च १९५५ रोजी, लंडनमध्ये निधन पावले.

फ्लेमिंग यांची गोष्ट आपण सर्वांनीच शाळेत वाचलेली असते. काचेची बशी, तिच्यात कोठूनशी येऊन पडलेली बुरशी, तिच्याभोवती मेलेले जंतू आणि त्यातून निघालेले अद्भुत औषध, एवढ्यावर तो धडा संपतो. मी कला शाखेचा विद्यार्थी, विज्ञानाशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही त्यांचे चरित्र वाचताना मला सारखे वाटत राहिले, की शाळेतल्या धड्यात या माणसाचे अर्धेच आयुष्य आले आहे. रुग्णालयात बरे व्हायला गेलेल्या माणसाला तेथेच नवा आजार कसा जडतो, हे त्यांनी पेनिसिलीनच्या आधी दहा वर्षे पाहिले होते. आणि आपले औषध एक दिवस निकामी होईल, ते कोणाच्या हातून होईल, हेही त्यांनी कीर्तीच्या शिखरावर असताना सांगून ठेवले होते. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात डार्व्हेल गावाजवळ लॉखफील्ड नावाची एक शेतवाडी आहे. तेथे ६ ऑगस्ट १८८१ रोजी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे शेतकरी. त्यांच्या दुसऱ्या पत्नीच्या चार मुलांपैकी अॅलेक हा तिसरा. तो सात वर्षांचा असतानाच वडील वारले आणि घराचा भार आई व सावत्र थोरला भाऊ यांच्यावर पडला. मेंढ्या, गुरे, ओढे, पक्ष्यांची घरटी यांच्यात हे बालपण गेले. माळावरच्या लहानशा शाळेत पायी जायचे, वाटेत जे दिसेल ते न्याहाळायचे, अशी सवय त्या वयात लागली. पुढे आयुष्यभर इतरांच्या नजरेतून सुटणाऱ्या बारीक गोष्टी त्यांना दिसत राहिल्या, त्याचे मूळ मला या माळावरच्या पायपिटीत दिसते.

तेरा-चौदा वर्षांचे असताना ते लंडनला भावाकडे आले. पॉलिटेक्निकमध्ये थोडे शिक्षण झाले आणि मग जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी. चार वर्षे त्यांनी ती केली. पुढे काय, हा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल. १९०१ साली एका अविवाहित काकांच्या मृत्युपत्रातून त्यांच्या वाट्याला थोडी रक्कम आली आणि थोरल्या डॉक्टर भावाच्या सल्ल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायचे ठरवले. घरापासून जवळ अशी तीन महाविद्यालये होती. तिन्हींची त्यांना काहीच माहिती नव्हती. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या संघाविरुद्ध आपण एकदा वॉटर पोलो खेळलो होतो, एवढीच ओळख धरून त्यांनी सेंट मेरीज निवडले. तेथे त्यांनी जवळजवळ सगळी बक्षिसे पटकावली आणि १९०६ साली पदवी मिळवली. शल्यचिकित्सक व्हायचा त्यांचा विचार होता. परंतु रुग्णालयाच्या नेमबाजी मंडळाला हा उत्तम नेमबाज हातचा जाऊ द्यायचा नव्हता. मंडळाच्या प्रमुखांनी खटपट करून त्यांना सर अॅल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. पुढे सारे आयुष्य संपले, पण ती प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही.

राइट हे मोठे प्रस्थ होते. टायफॉइडच्या लसीसाठी त्यांचे नाव झाले होते. आपल्याकडे प्लेगने थैमान घातले तेव्हा प्लेग कमिशनचे सभासद म्हणून ते १८९८ साली हिंदुस्थानात येऊनही गेले होते. शरीर स्वतःच रोगाशी लढते, वैद्याने त्याला बळ द्यावे, ही त्यांची श्रद्धा. राइट बोलके, वादपटू. फ्लेमिंग इतके अबोल, की चार प्रश्नांना एक शब्दाचे उत्तर. पण गुरूची ती श्रद्धा शिष्याने पचवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहिली.

ती तपासण्याची वेळ १९१४ साली आली. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि राइट यांच्याबरोबर फ्लेमिंग फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन येथे गेले. तेथल्या एका कॅसिनोत, म्हणजे जुगारघरात, लष्करी रुग्णालय थाटले होते आणि त्याच्याच माळ्यावर यांची प्रयोगशाळा. आघाडीवरून जखमी सैनिकांच्या रांगा येत. शेतातली माती, खत, कपड्यांच्या चिंध्या जखमेत खोलवर शिरलेल्या असत. शल्यचिकित्सक त्या जखमांत जंतुनाशक द्रव्ये ओतत आणि माणसे तरीही मरत. फ्लेमिंग यांनी एक काचेची नळी घेतली, तापवून तिला आतून अणकुचीदार फाटे काढले आणि खोल, वेड्यावाकड्या जखमेचा नमुना तयार केला. त्यात जंतुनाशक भरून त्यांनी दाखवून दिले, की औषध फाट्यांच्या टोकापर्यंत पोचतच नाही. जंतू तेथे सुखरूप राहतात. उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र त्या औषधाने आधी मरतात. औषधच रोग्याच्या विरुद्ध उभे राहू शकते, हा पहिला धडा त्यांना येथे मिळाला.

दुसरा धडा अधिक अप्रिय होता. युद्धाच्या अखेरीस फ्लेमिंग आणि पोर्टियस या दोघांनी तळावरच्या रुग्णालयात जखमींची पद्धतशीर तपासणी केली. सैनिक दाखल होताना फार थोड्यांच्या जखमेत स्ट्रेप्टोकॉकस हा घातक जंतू सापडत होता. रुग्णालयात काही दिवस काढल्यावर तोच जंतू बहुतेकांच्या जखमेत दिसू लागे. याचा अर्थ उघड होता. तो जंतू रणांगणावरून आलेला नव्हता. तो रुग्णालयातच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होता. १९१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयातून जडणाऱ्या संसर्गावर आज मोठमोठ्या परिषदा भरतात. त्या विषयाचा एक पाया या अबोल डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी घातला होता, ही गोष्ट शाळेतल्या धड्यात येत नाही.

युद्ध चालू असतानाच, १९१५ च्या डिसेंबरात, त्यांनी सारा मॅकेल्रॉय या आयरिश परिचारिकेशी विवाह केला होता. १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथही त्यांनी पाहिली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली. फ्रान्समध्ये फ्लेमिंग यांनी धडधाकट तरुणांना फुफ्फुसे भरून येऊन दोन-चार दिवसांत मरताना पाहिले. हातात काहीच नव्हते.

लंडनला परतल्यावर १९२१ साली त्यांना पडसे झाले होते. दुसरा एखादा रुमाल शोधता. यांनी नाकातला स्राव जंतूंच्या बशीत टाकून पाहिला. काही दिवसांनी त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेले होते. अश्रू, लाळ, नाकातील स्राव, अंड्यातला पांढरा बलक या सर्वांत जंतूंना विरघळवणारे एक द्रव्य असते, असे त्यांनी दाखवले आणि त्याला लायसोझाइम हे नाव दिले. अश्रू गोळा करण्यासाठी ते सहकाऱ्यांच्या आणि प्रयोगशाळेतल्या पोऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळत; पोऱ्यांना त्याबद्दल काही पेन्स मिळत. लायसोझाइम घातक जंतूंवर फारसे चालत नाही, म्हणून वैद्यकाने तेव्हा त्याकडे लक्ष दिले नाही. पण निसर्गाने नाका-तोंडाच्या दारात पहारेकरी बसवले आहेत, ही गोष्ट त्यातून कळली. हे पहारेकरी वाचकांनी ध्यानात ठेवावेत. लेखाच्या शेवटी त्यांची पुन्हा गरज लागणार आहे.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. १९२८ च्या सप्टेंबरात फ्लेमिंग सुटीवरून परतले. टेबलावर जंतूंच्या जुन्या बश्यांचा ढीग पडला होता. नीटनेटकेपणाबद्दल त्यांची ख्याती नव्हतीच. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जंतू पारदर्शक होऊन नाहीसे झाले होते. बुरशी येणे ही प्रयोगशाळेत रोजची कटकट, अशा बश्या धुऊन टाकतात. सात वर्षांपूर्वी लायसोझाइमने जंतू असेच विरघळताना ज्याने पाहिले होते, त्यालाच ती बशी फेकवली नाही. याला दैवयोग म्हणावा, पण दैव ज्या घरी आले ते घर सारवून तयार होते. बुरशीच्या रसाला त्यांनी मार्च १९२९ मध्ये पेनिसिलीन हे नाव दिले आणि जूनमध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

या निबंधातील एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पेनिसिलीन सगळ्या जंतूंना मारत नाही, हे फ्लेमिंग यांनी पहिल्याच निबंधात नोंदवले आहे. इन्फ्ल्युएंझाचा समजला जाणारा जंतू त्याला दाद देत नव्हता. म्हणून घशातल्या नमुन्यातले इतर जंतू पेनिसिलीनने मारून हा एकटा वेगळा काढण्याची युक्ती त्यांनी सुचवली आणि निबंधाच्या शीर्षकातही या उपयोगाचा उल्लेख केला. म्हणजे औषध टाकले की दुबळे मरतात आणि दाद न देणारे तेवढे उरतात, हे तत्त्व त्यांच्या हाती पहिल्या दिवसापासून होते. प्रयोगशाळेत ते सोयीचे होते. रोग्याच्या शरीरात तेच घडले तर काय, हा प्रश्न पुढे यायचा होता.

पेनिसिलीन शुद्ध करणे त्यांना व त्यांच्या मदतनिसांना जमले नाही. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी एक गोष्ट मात्र निष्ठेने केली. ती बुरशी जिवंत ठेवली आणि ज्याने मागितली त्याला दिली. त्याच बुरशीचा वंश ऑक्सफर्डला पोचला होता. तेथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते काम हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलीन दिले, चौघांना दिले नाही. पहिले चौघे वाचले, दुसरे चौघे सकाळपर्यंत मेले. पेनिसिलीनचे औषध झाले ते ऑक्सफर्डमध्ये, आणि त्याचे श्रेय देताना वर्तमानपत्रांनी ऑक्सफर्डवर अन्याय केला, हे फ्लेमिंग यांच्या चाहत्यानेही मान्य केले पाहिजे. त्याच १९४० साली चेन आणि अब्राहम यांनी आणखी एक शोध लावला. काही जंतू पेनिसिलीनचाच फडशा पाडणारे द्रव्य तयार करतात. औषध अजून रोग्यापर्यंत पोचलेही नव्हते आणि त्याचा शत्रू सापडला होता.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलीन दिले गेले. मरणाच्या दारातला माणूस चार-पाच दिवसांत उठून बसला. पण साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचले, तेही संपले. अर्धवट राहिलेला संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो वारला. पुढच्या वर्षी फ्लेमिंग यांच्या भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ मेंदूच्या आवरणाच्या दाहाने आसन्नमरण झाले. फ्लोरी यांनी आपल्याजवळचे सगळे पेनिसिलीन फ्लेमिंग यांच्या हवाली केले. ते मणक्यात टोचण्याचे धाडस फ्लेमिंग यांनी केले आणि तो माणूस पूर्ण बरा झाला. पुरी मात्रा आणि अपुरी मात्रा यांतले अंतर म्हणजे जीवन आणि मरण यांतले अंतर, हे या दोन रोग्यांनी दाखवून दिले.

त्यानंतर सरकार हलले, अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांतून बुरशी वाढू लागली आणि युद्ध संपेपर्यंत लाखो जखमी सैनिकांना औषध पोचले. १९४४ साली फ्लेमिंग यांना सर ही पदवी आणि १९४५ साली फ्लोरी व चेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकऱ्याचा हा मुलगा जगभर मिरवला गेला. तरीही पेनिसिलीन निसर्गाने निर्माण केले, आपल्याला ते फक्त आढळले, असेच ते सांगत राहिले.

डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोमच्या व्यासपीठावर नोबेल व्याख्यान देताना या अबोल माणसाने जे सांगितले ते, माझ्या मते, त्यांच्या शोधाइतकेच मोलाचे आहे. सारे जग जयजयकार करीत होते. त्यांनी सांगितले, की प्रयोगशाळेत जंतूंना मारण्यास अपुरे पडेल इतकेच पेनिसिलीन दिले, तर त्यांना पेनिसिलीन पचवायला शिकवणे मुळीच अवघड नाही, आणि माणसाच्या शरीरातही हे घडलेले आहे. एक दिवस हे औषध कोणालाही दुकानात विकत मिळेल, तेव्हा अज्ञानी माणूस ते थोडेथोडे घेईल, हा खरा धोका. मग त्यांनी एक काल्पनिक संसार उभा केला. नवऱ्याचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलीन आणतो, जंतू मरतील इतके घेत नाही, ते निर्ढावतील इतके मात्र घेतो. त्याच्याकडून तो संसर्ग बायकोला होतो. तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलीन देतात, ते चालत नाही, आणि ती मरते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला आणि नवऱ्याच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवले. लक्षात घ्या, त्यांच्या गोष्टीत औषध घेणारा मरत नाही. दुसरेच कोणी मरते, आणि तेही फुफ्फुसाच्या संसर्गाने.

हे कसे घडते ते आपल्या शेतकरी घरांतल्या मुलांना समजावून सांगायला नको. शेत अर्धवट खुरपले, की वरवरचे तण निघते आणि हरळी तेवढी मागे राहते. मोकळ्या रानात तीच मग हातपाय पसरते. जंतूंचे तसेच आहे. कोट्यवधी जंतूंत एखादा चिवट असतो. औषध इतरांना मारून त्याला रान मोकळे करून देते. शिवाय हरळीला जे जमत नाही ते जंतूंना जमते. औषध पचवण्याची युक्ती ते शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात.

इशारा खरा ठरायला तीन वर्षेही लागली नाहीत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या डॉक्टर स्त्रीने स्टॅफिलोकॉकसचे नमुने तपासले. १९४६ साली शंभरांतले सुमारे १४ पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९. दुबळे जंतू औषधाने मरत होते आणि चिवट जंतू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जात होते. बुलोनचे निरीक्षण आणि स्टॉकहोमचा इशारा येथे एकत्र आले. १९४७ साली ब्रिटनने कायदा करून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेनिसिलीन विकण्यास बंदी घातली.

१९४९ साली पत्नी सारा वारली आणि फ्लेमिंग अधिकच अबोल झाले. १९५३ साली अमेलिया या ग्रीक सहकारी संशोधिकेशी त्यांनी विवाह केला. दोनच वर्षांनी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ठेवलेली आहे. ते गेले तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात पहिल्या उत्पादनाची तयारी चालली होती. पुढे याच कारखान्यातील डॉ. तिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास पिंपरीच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध काढले आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे गेले. कारखान्याचे ते वैभव पुढे राहिले नाही. १९९० नंतरच्या दशकात तो तोट्यात गेला. मात्र जी औषधे एके काळी परदेशातून येत ती आज इतकी विपुल आहेत, की गल्लोगल्लीच्या दुकानात मिळतात. फ्लेमिंग यांनी ज्या दिवसाची भीती बोलून दाखवली होती तो हाच.

आणि त्यांच्या गोष्टीतली ती स्त्री आज कोठे आहे? ती मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या अपघातातला तरुण असो, कंपनीत यंत्रावर जखमी झालेला कामगार असो, वा शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न आलेली कोणाची आई असो, श्वास चालत नाही तेव्हा घशातून श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवतात. नळी प्राण वाचवते. पण मघाशी सांगितलेले नाका-तोंडाच्या दारातले पहारेकरी ती ओलांडून जाते. खोकला बंद होतो, तोंडातला स्राव नळीच्या कडेने खाली झिरपतो, नळीच्या आत जंतूंचा चिकट थर धरतो. अठ्ठेचाळीस तास उलटून गेल्यावर अशा रोग्याला जो न्यूमोनिया होतो तो रुग्णालयातला असतो, आणि त्याचे जंतूही रुग्णालयात मुरलेले असतात. क्लेब्सिएला, स्युडोमोनस, अॅसिनेटोबॅक्टर ही त्यांची नावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून अशा जंतूंची पाहणी चालवली आहे. अॅसिनेटोबॅक्टरचे बहुतांश नमुने कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांनाही दाद देत नाहीत, असे तीत दिसते. मग डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून बाजूला ठेवलेले हे जुने औषध नाइलाजाने परत आणावे लागले आहे. जंतूंच्या अशा निर्ढावण्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे चित्र मला रोज दिसते. भोसरीचा, चाकणचा कंत्राटी कामगार तापाने फणफणतो. खाडा झाला तर दिवसाची मजुरी जाते. डॉक्टरांची फी वेगळी. तो दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, ताप उतरला की उरलेल्या ठेवून देतो, त्या पुढे घरातल्या दुसऱ्याला उपयोगी पडतात. पुष्कळदा तो ताप विषाणूंचा असतो आणि त्या गोळ्यांची मुळात गरजच नसते. याला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. फ्लेमिंग यांनी दोष नवऱ्यावर ठेवला. पण ज्याला आजारी पडायची सवड नाही त्याच्यावर सगळा दोष टाकून आपण सुटत नाही. विनाकारण चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर, चिठ्ठी न मागणारे दुकानदार, कोंबड्यांना वाढीसाठी हीच औषधे चारणारे व्यावसायिक आणि आजाराची रजा न देणारी व्यवस्था, या सर्वांचा त्यात वाटा आहे. सरकारने २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक केले, २०१९ साली पशुपालनात कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. नियम झाले, ते पाळण्याचे काम उरले आहे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही, आणि त्यांतले निम्मे उपाय बुलोनच्या रुग्णालयातही सुचले असते. एका रोग्याला हात लावल्यावर दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी हात धुणे, व्हेंटिलेटरवरच्या रोग्याचे डोके उंच ठेवणे, त्याच्या तोंडाची रोज स्वच्छता करणे, नळीची गरज संपताच ती काढणे, ही कामे साधी आहेत आणि ती बहुधा परिचारिकांच्या हातून होतात. एका खाटेमागे एक परिचारिका असेल तर ती होतात. पाच खाटांमागे एक असेल तर राहून जातात. आपल्या वाट्याला याहून सोपे काम आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळ्या घ्यायच्या नाहीत, सांगितल्या तर सांगितले तितके दिवस घ्यायच्या, आणि उरलेल्या कोणाला द्यायच्या नाहीत.

एवढे केल्याने आपल्याला स्वतःला काही लाभ झाल्याचे कळणारही नाही. ज्याला लाभ होईल तो व्हेंटिलेटरवरचा माणूस आपल्या ओळखीचा नसेल, त्याला आपले नाव ठाऊक नसेल. पण फ्लेमिंग यांच्या गोष्टीत घसा दुखणारा एक आणि मरणारी दुसरीच होती, हे ज्याच्या ध्यानात राहिले त्याला हे वेगळे सांगावे लागू नये. ज्या गावात पेनिसिलीन बनले त्या गावात राहणाऱ्या आपण तरी ते ध्यानात ठेवावे, एवढ्याचसाठी हे चरित्र सांगितले.